मण्यांचा माग: आला कुठून, घ्यावा कोणता, विणावं कसं

(हे या भागाचं शब्दांकन आहे. बोलताना झालेलं थोडं पाल्हाळ छाटलंय, बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग एका मेलमुळे झाला. नाशिकच्या एक ताई आपल्या नियमित श्रोत्या आहेत. नोकरी सांभाळून मण्यांचे दागिने करतात आणि ऑनलाइन विकतात. त्यांनी लिहिलंय, "मण्यांचा लूम घ्यायचाय. काहीशे रुपयांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत सगळे प्रकार दिसतात. परदेशातून 'नेटिव्ह अमेरिकन' ब्रेसलेटला मागणी आहे, तर त्या कामाला कोणता लूम बरा? तुम्ही इंजिनिअर आहात, नीट तुलना करून सांगा."

तुलना करू. पण ही तुलना वाचायला घेतली आणि लक्षात आलं की बाजारातल्या प्रत्येक प्रकारामागे एक वेगळा काळ आहे. कुणी, कशासाठी, कोणत्या मण्यांनी विणत होतं, त्यावरून तो माग तसा झाला. त्यामुळे आधी इतिहास सांगतो, मग खरेदी. आणि ताईंच्या प्रश्नात जो 'नेटिव्ह अमेरिकन' शब्द आहे, त्याचं उत्तर या इतिहासातूनच येतं.

एक सूचना. लूम म्हटलं की आमच्या सॉफ्टवेअरवाल्या जमातीला लगेच जॅकार्डचा माग आणि पंचकार्डं आठवतात. आज तिकडे जायचं नाहीये.

हा माग करतो तरी काय?

साडीच्या मागाचंच तत्त्व आहे. लांबीच्या दिशेनं ताणून बसवलेले धागे म्हणजे ताणा, आडवा जाणारा धागा म्हणजे बाणा. साडीच्या मागावर बाणा एकटाच जातो, इथे तो मणी घेऊन जातो. बस, एवढाच फरक.

पहिला नियम: एका ओळीत जितके मणी, त्याहून एक जास्त ताण्याचा धागा. पंधरा मण्यांची पट्टी असेल तर सोळा धागे. कारण प्रत्येक मणी दोन धाग्यांच्या मध्ये बसतो.

आता विणण्याची कृती. सुईत पंधरा मणी ओवायचे. ती माळ ताण्याच्या खालून आडवी न्यायची. खालून बोटानं दाबून एकेक मणी दोन धाग्यांच्या फटीत वर उचलायचा. मग सुई परत फिरवायची आणि त्याच मण्यांच्या भोकांतून, पण या वेळी ताण्याच्या वरून, बाहेर काढायची. म्हणजे प्रत्येक ताण्याच्या खालून एकदा आणि वरून एकदा बाणा गेला. धागा दोन्हीकडून चिमटीत सापडला, ओळ पक्की झाली. पुढची ओळ घ्या.

मणीकाम मागाशिवायही होतं, आणि आपल्याकडे तर बहुतेक तसंच झालंय. मंगळसूत्र गाठणारे पटवेकरी कोणताही माग वापरत नाहीत. हात, पाय आणि रेशमाचा धागा एवढ्यावर त्यांचं काम चालतं. सौराष्ट्रातलं मोतीभरत, ती तोरणं, चाकळे, बैलांच्या झुली, हेही सुईनं मण्याला मणी गुंफून केलेलं काम आहे, मागावरचं नाही. माग लागतो तो सरळ कडांची लांब पट्टी भराभर हवी असेल तेव्हा. अशा पट्ट्यांची मोठी परंपरा वाढली ती उत्तर अमेरिकेत.

शंखाचे मणी आणि धनुष्याचा माग

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर क्वाहॉग नावाचा एक शिंपला मिळतो. त्याच्या आतल्या बाजूला जांभळा पट्टा असतो. त्यापासून जांभळे मणी आणि समुद्री शंखाच्या गाभ्यापासून पांढरे, असे छोटे नळीसारखे मणी किनाऱ्यावरचे लोक बनवत. त्यांना म्हणतात वॅम्पम. हौडेनोशोनी, म्हणजे ज्यांना इंग्रजी पुस्तकांत इरोक्वॉय म्हणतात ते लोक, हे मणी विणून पट्टे करत.

माग कसला? एक काठी धनुष्यासारखी वाकवायची आणि तिच्या दोन टोकांमध्ये ताणा बांधायचा. काठी सरळ व्हायला बघते, म्हणून ताण आपोआप मिळतो. धागे एकमेकांवर चढू नयेत म्हणून दोन्ही टोकांना भोकं पाडलेला चामड्याचा किंवा सालीचा तुकडा. स्प्रिंग नाही, स्क्रू नाही. आणखी उत्तरेला, क्री आणि डेने लोकांत, अशाच धनुष्यमागावर साळिंदराचे काटे विणले जात. म्हणजे काचेचा मणी यायच्या आधीपासून मागाची कल्पना तिथे होती.

आता महत्त्वाची गोष्ट. हे पट्टे मिरवायचे दागिने नव्हते. दोन राष्ट्रांमध्ये बोलणी झाली की पट्टा विणला जाई आणि सभेत हातात धरून, त्यातल्या खुणांवर बोट ठेवून, काय ठरलं ते म्हणून दाखवलं जाई. पट्टा हा करार, आणि तो 'वाचणारा' माणूस त्याचा राखणदार. हायावाथा नावाचा पट्टा घ्या. जांभळ्या पार्श्वभूमीवर मध्ये एक पांढरं झाड, दोन्ही बाजूंना दोन-दोन चौकोन, आणि सगळ्यांना जोडणारी रेघ. पाच राष्ट्रांचा संघ, झाडाच्या जागी ओनोनडागा. त्या संघाची घटनाच म्हणा ना.

१७९४ मध्ये अमेरिकन सरकारनं या संघाशी कॅनानडेग्वा इथे करार केला. त्याची खूण असलेला पट्टा 'वॉशिंग्टन पट्टा' म्हणून ओळखला जातो. त्यावर हात धरून उभी असलेली माणसं आणि मध्ये एक घर आहे. या करारात दरवर्षी काही माल देण्याचं कलम आहे. त्याच कलमाखाली अमेरिकन सरकार आजही दरवर्षी कापड पाठवतं. रक्कम तीच जुनी, त्यामुळे वाट्याला येणारं कापड दर पिढीला कमी होत गेलं. पण ते घेणं हौडेनोशोनींनी सोडलेलं नाही, कारण कापड आलं म्हणजे करार जिवंत आहे.

युरोपियन वसाहतवाल्यांनी मात्र या मण्यांकडे नाणं म्हणून पाहिलं. त्यांच्याकडे सुट्या पैशांची टंचाई होती. सतराव्या शतकात मॅसॅच्युसेट्समध्ये वॅम्पम कायदेशीर चलन होतं. १६६१ मध्ये ती मान्यता काढून घेतली. पुढे हे मणी गोऱ्या लोकांच्याच कारखान्यांत बनू लागले. न्यू जर्सीत आपली बरीच मंडळी ऐकतात, त्यांच्यासाठी: बर्गन काउंटीतल्या पार्क रिजमध्ये कॅम्पबेल कुटुंबाचा वॅम्पम कारखाना १८८९ पर्यंत चालू होता. शंखाच्या लांब नळ्यांना भोक पाडायचं त्यांचं यंत्र तिथल्या स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयात आहे. रविवारी बघून या.

पट्ट्यांचं काय झालं? १८९० च्या दशकात हायावाथा आणि वॉशिंग्टन पट्ट्यांसह चार पट्टे आल्बनीचे महापौर जॉन बॉइड थॅचर यांच्या खासगी संग्रहात पोचले. ओनोनडागांनी खटला भरला. तो अगदी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १९०३ मध्ये, आणि ते हरले. पुढे हे पट्टे न्यूयॉर्क राज्याच्या संग्रहालयात काचेआड गेले. विचार करा, तुमच्या गावाचा सातबारा कुणी तरी 'छान हस्तकला' म्हणून भिंतीवर लावलाय आणि तुम्हाला तो हातात घेता येत नाही.

१९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ द अमेरिकन इंडियननं अकरा पट्टे कॅनडातल्या ग्रँड रिव्हरच्या लोकांना परत दिले. १९८९ मध्ये राज्य संग्रहालयानं बारा पट्टे ओनोनडागांना परत केले. खटला हरल्यावर ८६ वर्षांनी.

काचेचा मणी: व्हेनिस, बोहेमिया आणि आपण

आता मण्याकडे. लहान काचमणी करण्याची मुख्य पद्धत म्हणजे ओढणं. वितळलेल्या काचेच्या गोळ्यात पोकळी करायची आणि तो ओढून लांबच लांब बारीक नळी काढायची. नळीचे तुकडे करायचे, पुन्हा तापवून कडा गोल करायच्या. झाला मणी.

ही पद्धत शोधली कुणी यावर भांडायला नको, कारण पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला दोन हजार वर्षांपूर्वी असे मणी होत होते आणि तिथून समुद्रापार जात होते. आंध्रातल्या पापनायडूपेट या गावात ही विद्या आपल्या काळापर्यंत टिकली. पण अमेरिकेत जे मणी गेले ते मुख्यतः व्हेनिसचे, नंतर बोहेमियाचे.

व्हेनिसनं १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. नळ्या ओढणं पुरुषांचं काम. तयार मणी ओवायचं काम मात्र गरीब घरांतल्या बायकांचं. त्यांना इंपिरारेसे म्हणत. दाराशी बसायच्या, मांडीवर मण्यांनी भरलेलं लाकडी पात्र, हातात पंख्यासारख्या पसरलेल्या लांब सुयांचा जुडगा. तो जुडगा मण्यांतून सपासप फिरवायचा की सगळ्या सुयांवर एकदम मणी चढत. ओवलेले सर जुडी करून जहाजावर. आजही चेक मणी जुडीनंच विकले जातात, त्याचं मूळ हे. मोजायला सोपं, आणि विणणाऱ्याला सरावरून थेट आपल्या सुईवर मणी घेता येतात.

बोहेमियातलं केंद्र म्हणजे याब्लोनेत्स. १९४५ नंतर तिथल्या जर्मनभाषक कारागिरांना देशाबाहेर काढलं, तेव्हा त्यांनी बव्हेरियात नवं गाव वसवलं आणि नाव ठेवलं 'नवं गाब्लोन्झ'. काचेची विद्या माणसांबरोबर चालत जाते ती अशी. आपल्या बाजूला हेच युरोपियन मणी एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेशी व्यापार करणाऱ्यांमार्फत काठियावाडात पोचले आणि मोतीभरत बहरलं.

फणीचा माग आणि घोड्याच्या किमतीची पिशवी

अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या प्रदेशात, ओजिब्वे, मेनोमिनी, हो-चंक या लोकांत, एकोणिसाव्या शतकात दुसरा माग दिसतो. लाकडाची चौकट आणि एक फणी. फणीत पट्ट्या शेजारी-शेजारी. प्रत्येक पट्टीला मधोमध भोक, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये फट. ताण्याचा एक धागा भोकातून, पुढचा फटीतून, असं आलटून पालटून. फणी वर उचलली की भोकातले धागे वर, खाली दाबली की खाली. मध्ये जी जागा उघडते तिच्यातून मण्यांची माळ सारायची. फणी फिरवली की ओळ बंद. सुई परत फिरवायची गरजच नाही.

वेग प्रचंड वाढतो. पण तोटाही कळला पाहिजे: इथे बाणा मण्यातून एकदाच जातो, म्हणून पकड जरा कमी. जुन्या पट्टीकडे नीट बघितलं तर ती कोणत्या पद्धतीनं विणली हे ओळखता येतं. बाणा एका ताण्यावरून आणि पुढच्याखालून जात असेल तर फणी; प्रत्येक ताण्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे असेल तर सुईची दुहेरी फेरी.

या मागावर काय विणलं? बँडोलिअर पिशव्या. युरोपियन सैनिक काडतुसांची पिशवी खांद्यावरून तिरकी घालत, तिचा आकार उचलला आणि त्याचं भलतंच काही केलं. रुंद पट्टा, खाली मोठा मणीकामाचा चौकोन. कितीतरी पिशव्यांना वस्तू ठेवायला कप्पाच नाही. त्या मानाच्या होत्या. समारंभात घालायच्या, भेट द्यायच्या. डकोटा लोक अशा एका पिशवीच्या बदल्यात घोडा देत असं म्हटलं जाई. मार्शिया अँडरसन यांच्या या विषयावरच्या २०१७ च्या पुस्तकाचं नावही त्यावरूनच आहे. अनेक महिन्यांचं काम, आणि करणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका. त्यातल्या फार थोड्यांची नावं संग्रहालयांच्या नोंदींत आहेत. घालून फोटो काढलेल्या पुरुषांची मात्र असतात.

एक गंमत बघा. मागावर विणलेल्या पिशव्यांवर नक्षी भौमितिक आहे: चौकोन, त्रिकोण, पायऱ्या. पुढे वेली-फुलांची आवड वाढली तसा पिशवीवरून माग मागे पडत गेला आणि मणी थेट कापडावर टाचायला सुरुवात झाली. कारण मागावर मणी चौकटीतच बसतो, त्याला वळता येत नाही. हे खरेदी करतानाही लक्षात ठेवा: तुमच्या मनात गुलाबाची वेल असेल तर महागातला महाग मागही ती नीट देणार नाही.

एकीकडे बंदी, दुसरीकडे छंद

आता येतो तो काळ, ज्यातून आजचा स्वस्त माग आला. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइलची निवासी शाळा उघडली. मूळ रहिवाशांच्या मुलांचे केस कापायचे, भाषा बंद, नावं बदलायची. १८८३ मध्ये सरकारी नियमावली आली, तिच्यात त्यांचे समारंभी नाच आणि वैदूंचे विधी गुन्हा ठरले. शिक्षा म्हणजे शिधा बंद किंवा कोठडी. ज्या समारंभांसाठी हे मणीकाम होई, तेच गुन्हा.

आणि त्यानंतर दोन-तीन दशकांत गोऱ्या अमेरिकन घरांत मणीकामाची लाट आली. मासिकांत चौकटीच्या कागदावरचे नमुने छापून यायचे. 'इंडियन बीड लूम' अशा नावानं छोटे माग विकायला आले. १९१० मध्ये सुरू झालेल्या बॉय स्काउट्सची शहरी मुलं 'इंडियन' पट्टे विणू लागली. म्हणजे एका मुलाला स्वतःच्या घरचं सोडायला लावलं जात होतं आणि दुसऱ्या मुलाला तेच सुट्टीचा छंद म्हणून शिकवलं जात होतं. त्याच देशात, त्याच वर्षांत.

अगदी एकरंगी चित्र नको. १९०६ पासून कार्लाइलमध्येच हो-चंक चित्रकार एंजल डी कोरा यांनी मूळ रहिवाशांच्या कलेचा वर्ग चालवला आणि मुलांना स्वतःच्या नक्ष्या काढायला लावल्या. पण समारंभांवरची ती सावली कायद्यानं पुरती हटायला १९७८ चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा यावा लागला.

मग घ्यावा कोणता?

आता खरेदी. हा सगळा वंशवृक्ष तुम्हाला बाजारात दिसेल.

१. तारेचा छोटा माग. दोन्ही टोकांना स्प्रिंग, लाकडी रूळ. हा त्या छंदाच्या लाटेचा वारस. काहीशे रुपयांत मिळतो. अरुंद ब्रेसलेट शिकायला पुरेसा. दोष असा की तार वाकते, त्यामुळे ताण टिकत नाही. आणि लांब पट्टी रुळावर गुंडाळली की विणलेला भाग मुडपतो.

२. लाकडी स्थिर चौकट. माझ्याकडे हाच आहे. पुण्यात सुतारकाम करणाऱ्या मित्रानं सागाच्या तुकड्यांतून करून दिला, टोकांना स्प्रिंग बसवली. ताण दगडासारखा. मर्यादा एकच: चौकटीएवढीच लांबी. ब्रेसलेट आणि गळ्यालगतचा पट्टा करणार असाल तर डोळे मिटून हा.

३. लांबी बदलता येणारा, दांड्यांवर सरकणारा माग. कंबरपट्टा, लांब हार करायचे असतील तर. घेताना स्क्रू घट्ट बसतात का ते बघा. ताणाखाली सरकणारा माग म्हणजे डोकेदुखी.

४. फणीचा, किंवा धागे वर-खाली करणारं साधन असलेला माग. 'मिररिक्स'सारखे धातूचे माग या गटात येतात. ओजिब्वे बायकांच्या लाकडी फणीचंच तत्त्व, वेगळ्या अंगात. एकाच नक्षीच्या खूप पट्ट्या काढायच्या असतील तरच पैसे वसूल होतात.

५. धाग्यांची टोकं कमी सुटावीत म्हणून एकच धागा फिरवून ताणा करता येणारे माग. मागावरच्या कामाची सगळ्यात कटकटीची गोष्ट म्हणजे शेवटी लोंबणारे सोळा-सोळा धागे. ते आवरण्याचा कंटाळा असेल तर हा प्रकार बघा.

ताईंना माझं उत्तर: दुसरा. शिकून हात बसला की तिसरा.

विणायला बसताना

मणी. सुरुवातीला आकार ११. मण्यांच्या मापात आकडा वाढला की मणी लहान होतो: ८ मोठा, १५ बारीक. चेक मणी गोलसर असतात आणि थोडे कमी-जास्त निघतात. त्यातून निवडून घ्यावे लागतात. जपानमधल्या हिरोशिमा प्रांतातल्या मियुकी कंपनीनं १९८२ मध्ये 'डेलिका' नावाचा नळीसारखा, एकसारख्या मापाचा मणी आणला, तो मागासाठी उत्तम. भोक मोठं, भिंत पातळ. वॅम्पमही नळीसारखाच होता, हे लक्षात आलं का?

हिशेब. डेलिका ११ चा मणी साधारण १.६ मिलिमीटर जाड आणि १.३ मिलिमीटर लांब असतो. मागावर तो आडवा बसतो. म्हणून रुंदीत एका मण्याला १.३ अधिक धाग्याची जाडी, आणि लांबीत एका ओळीला १.६. चौरस घरांच्या कागदावर गोल काढून विणलात तर अंड्यासारखा उभट निघेल. त्यासाठी घरं उभट असलेला कागद वापरा. १५ मणी रुंद आणि १७ सेंटिमीटर लांब पट्टीला साधारण १०६ ओळी, म्हणजे १५९० मणी. ग्रॅमला जेमतेम दोनशे मणी बसतात, तेव्हा प्रत्येक रंगाचे थोडे जास्त धरून दहा ग्रॅम आणा.

धागा. साधा सुती शिवणदोरा नको, मण्याच्या कडेनं कापला जातो. मण्यांसाठीचा नायलॉन घ्या, किंवा 'फायरलाइन'. ती मुळात मासेमारीची विणलेली दोरी आहे. ताणा पट्टीच्या लांबीपेक्षा दोन्हीकडे वीतभर जास्त सोडा, नाहीतर शेवटी गाठ मारायला बोटं शिरत नाहीत.

ताण. बोटानं छेडलं तर धाग्याचा आवाज यावा आणि सगळ्या धाग्यांचा साधारण एकच यावा. एखादा बद्द वाजला तर तिथे पट्टी फुगणार.

सुई. परतीच्या फेरीत सुई ताण्याच्या वरून जातेय ना, हे दर ओळीला बघा. एक धागा जरी खाली राहिला तरी तो मणी सुटा राहतो. आणि सुईनं ताण्याचा धागा टोचू देऊ नका. टोचला तर ओळ सरकवता येत नाही.

शेवट. आधी मण्यांशिवाय नुसता धागा सात-आठ फेऱ्या विणून छोटी कापडी कड करा. मग दोन मार्ग. घाई असेल तर ती कड दुमडून चामड्याच्या तुकड्यात किंवा धातूच्या चिमट्यात बसवा. टिकाऊ हवं असेल तर प्रत्येक धागा सुईत घेऊन मागच्या ओळींतून परत न्या. तासभर लागतो, पण पट्टी वर्षानुवर्षं राहते.

आणि नक्षी कुणाची?

आता मेलमधला राहिलेला भाग. अमेरिकेत १९९० चा इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स कायदा आहे. मूळ रहिवाशांनी न बनवलेली वस्तू त्यांनी बनवल्यासारखी भासवून विकणं हा तिथे गुन्हा आहे. व्यक्तीला पहिल्याच गुन्ह्यात अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे नाशिकमध्ये विणलेल्या पट्टीवर 'नेटिव्ह अमेरिकन ब्रेसलेट' असं लिहून अमेरिकेत पाठवू नका, ताई.

पण कायद्याचं भय हे दुय्यम कारण आहे. माग कुणाच्याही मालकीचा नाही. काठी वाकवून ताणलेले धागे, त्यावर हक्क कोण सांगणार? हौडेनोशोनींनी सतत हक्क सांगितला तो मागावर नाही, पट्ट्यावर. त्यांनी काय ठरवलं, कुणाशी ठरवलं, याची नोंद त्यात आहे. हायावाथा पट्ट्याची नक्षी ऑफिसला घालायच्या कड्यावर उतरवली तर ती नोंद आपल्या हातात येत नाही, फक्त तिचा अर्थ पुसट होतो.

"मग वारली काढू का?" असं कुणी विचारेलच. वारली चित्रांना भौगोलिक मानांकन आहे आणि ज्यांची ती चित्रं आहेत ते लोक डहाणू-जव्हारला आजही काढताहेत. प्रश्न तोच, फक्त घराजवळ आला. एखाद्या वारली चित्रकाराबरोबर मिळून, नाव आणि पैसे वाटून करता येत असेल तर जरूर करा.

आणि चौकटीत बसणाऱ्या नक्ष्यांची आपल्याकडे काय कमी आहे? विदर्भातल्या करवतकाठी साडीचा काठ बघा, करवतीच्या दात्यांसारखा. तो तर मागावरच जन्मलेला, मण्यांत सहज उतरतो. किंवा घरात जुनी पेटी असेल तर उघडा. मॅटीच्या कापडावर आज्यांनी केलेलं फुलीचं भरतकाम, ते पोपट, तुळशीवृंदावन, 'सुस्वागतम्'. एक फुली म्हणजे एक मणी. तुमच्या आजीची नक्षी असेल तर विकताना तिचं नावही लिहा. बँडोलिअर पिशव्यांच्या नोंदींत जे राहून गेलं, ते आपल्याला एका ओळीत करता येतं.

पट्टी विणून झाली की फोटो जरूर पाठवा, आणि नक्षी कुणाची तेही कळवा. पुढच्या भागात पटवेकऱ्यांबद्दल बोलू. तुमच्या गावात कुणी अजून गाठायचं काम करत असेल तर मेल करा, मी येऊन बोलेन त्यांच्याशी. भेटू.